ओरखडा क्रमांक सत्तेचाळीस

मांजर भिंत का ओरखडतं, हा प्रश्न मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षापर्यंत पडला नव्हता. तो आधीच पडायला हवा होता की काय, हेही मला नक्की सांगता येणार नाही. मी चौतीस वर्षं एका ग्रंथालयात पुस्तकांची कार्डं लिहिली. त्यात मांजरांवरची पाच-सहा पुस्तकं हाताखालून गेली असतील. पण कार्ड लिहिणारा माणूस पुस्तक वाचत नाही, त्याची पानं मोजतो.

प्रश्न पडला तो एका सोमवारी सकाळी. मी आतल्या खोलीत वाचत बसलो होतो. बाहेरून बायकोची हाक आली, "अहो, जरा इकडे या."

मी "आलो" म्हणालो. माझं हे "आलो" साधारण वीस मिनिटं चालतं. तिसऱ्या हाकेला मी बाहेर गेलो. बायको जेवणाच्या टेबलापाशी कमरेवर हात ठेवून उभी होती. समोर नवीन रंगवलेली भिंत होती आणि भिंतीवर, जमिनीपासून साधारण फूटभर उंचीवर, चार उभ्या रेघा होत्या. अगदी समांतर. पट्टी लावून मारल्यासारख्या. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला कौतुकच वाटलं, पण ते मी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

ही भिंत अकरा वर्षांनी रंगवली होती. रंग बायकोनं निवडला होता. निवडताना रंगांच्या नमुन्यांचं पुस्तक घेऊन ती आतल्या खोलीत आली होती, दोन चौकोनांवर बोटं ठेवून "यातला कुठला?" असं तिनं विचारलं होतं आणि मी मान वर न करता "दोन्ही चांगले आहेत" असं म्हणालो होतो. ते उत्तर चुकलं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्या रंगाला दुकानदारानं काहीतरी लांबलचक नाव सांगितलं होतं. मी त्याला फिकट पिवळा म्हणतो, पण बायको समोर नसताना.

टेबलाखाली सूची बसली होती आणि आपला या प्रकाराशी संबंध नसल्यासारखी पंजा चाटत होती. सूची म्हणजे आमची मांजर. ग्रंथालयानं कार्डांची जुनी कपाटं काढून टाकली तेव्हा एक मी घरी आणलं. त्याच्या उघड्या खणात हे पिल्लू कुठूनसं येऊन झोपलं, म्हणून सूची.

"पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी माझा भाऊ येतोय," बायको म्हणाली. "त्याच्या गोदामात उंदीर झालेत. तोवर हे थांबलं तर ठीक. नाही थांबलं, तर ही त्याच्याबरोबर जाईल."

माझ्या मेहुण्याचं गोदाम कागदाचं आहे. उंदीर कागद कुरतडताहेत हे ऐकून माझ्यातला ग्रंथालयवाला क्षणभर दुबळा झाला. मग मला जेवणाची वेळ आठवली. आम्ही जेवायला बसलो की सूची टेबलाखाली माझ्या डाव्या पायावर बसते. पूर्ण वजन टाकून. आतल्या खोलीत ती येत नाही, कारण जुन्या पुस्तकांच्या धुळीनं तिला शिंका येतात. म्हणून आमची भेट एवढीच. मला म्हणायचं होतं की त्या डाव्या पायामुळे मला चार घास जास्त जातात. पण अशी वाक्यं माझ्या तोंडून बाहेर पडत नाहीत. बसमध्ये पुढच्या माणसाला "मला उतरायचंय" म्हणायला जमलं नाही म्हणून मी एक थांबा पुढे जाऊन चालत परत येणारा माणूस आहे.

मी "बरं" म्हणालो. त्या "बरं"ची मला अजून लाज वाटते.

आता ज्याला काही म्हणता येत नाही, तो निदान नोंद तरी ठेवू शकतो. मी कपाटातून कोरी कार्डं काढली. क्रमांक, दिनांक, वेळ, जमिनीपासून उंची, रेघांची संख्या, आणि शेवटी शेरा. आमच्या ग्रंथालयात एक नियम होता: पुस्तक हातात असल्याशिवाय कार्ड लिहायचं नाही. ऐकीव माहितीवर, आठवणीवर, अंदाजावर कार्ड नाही. तोच नियम मी इथे लावला. भिंतीवर खर्र असा आवाज आला की वाचन सोडायचं, मोजपट्टी घेऊन लगेच बाहेर जायचं, आणि जागेवर, मांजर समोर असताना नोंद करायची.

पहिल्या तीन दिवसांत पाच कार्डं झाली. उंची दर वेळी तेरा ते पंधरा इंच. वेळ सकाळी अकराच्या सुमारास किंवा दुपारी दोन ते चार. भिंत तीच. घरात अकरा भिंती आहेत, मी मोजल्या, पण बाकीच्या दहांना तिनं नखसुद्धा लावलं नव्हतं. हे का? मला झोप येईना. रंगाला काही वास आहे का, म्हणून मी गुडघ्यांवर बसून भिंत हुंगून पाहिली. थोडा वास होता. मग दुसऱ्या भिंती हुंगल्या. त्यांनाही होता. बायको टेबलापाशी बसून स्वेटर विणत होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि टाके मोजायला सुरुवात केली.

ही गोष्ट इमारतीत कशी पसरली मला माहीत नाही. जिन्यात लोक थांबवू लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाईंनी सांगितलं की संत्र्याच्या साली ठेवा, मांजराला वास सहन होत नाही. मी भिंतीशी सालींची रांग लावली. सूची त्यांतली एक साल घेऊन घरभर खेळली आणि मग येऊन भिंत ओरखडली. तळमजल्यावरच्या शिंप्यानं दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप दिली. "पंजा चिकटला की विषय संपला," तो म्हणाला. मी टेप लावली. सूचीनं टेपच्या चार इंच वर ओरखडलं. मी त्याची उंची मोजायला वाकलो आणि माझं कोपर टेपला चिकटलं. मी अशा वेळी शांत राहायला हवं होतं. मी राहिलो नाही. कोपर सुटलं, पण त्याच्याबरोबर तळहाताएवढा रंगही सुटला.

बायको काही बोलली नाही. ती काही बोलली नाही की मी मनातल्या मनात तारीख लिहून ठेवतो.

गुरुवारी मला नवीन विचार सुचला. भिंतीच्या आत उंदीर असेल तर? मांजर रंगाला नव्हे, उंदराला बोलावत असेल. हा विचार मला इतका आवडला की मी स्टीलचा पेला घेतला, उपडा करून भिंतीला लावला आणि त्याच्या बुडाला कान लावला. रंगाच्या वासामुळे पुढचं दार उघडं होतं. किती वेळ मी तसा उभा होतो कोण जाणे. मागून आवाज आला, "काय ऐकताय?"

इमारतीचे सेक्रेटरी दारात उभे होते. सेक्रेटरी म्हणजे बगलेत फाइल असलेले गृहस्थ. फाइल नसताना मी त्यांना पाहिलेलं नाही.

"उंदीर," मी म्हणालो.

"पलीकडे शेजारच्या नर्सबाईंची झोपायची खोली आहे."

"हो. त्या झोपल्यात," मी म्हणालो.

हे वाक्य मी का उच्चारलं, यावर मी नंतर बराच विचार केला. मला एवढंच म्हणायचं होतं की पलीकडे शांतता आहे. सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं, आणि खाली गेले. चौतीस वर्षं मी ज्या इमारतीत नोकरी केली तिथे माझ्याबद्दल एकच तक्रार झाली होती, की मी फार हळू बोलतो.

नर्सबाईच संध्याकाळी स्वतः आल्या. त्या रात्रपाळी करतात आणि दिवसा झोपतात. "काका, रागावू नका," त्या म्हणाल्या, "पण दुपारी भिंतीतून खर्र खर्र येतं. आधी मला वाटलं स्वप्नच आहे. वॉर्डातही तोच आवाज ऐकू यायला लागला, तेव्हा म्हटलं विचारावं."

मी इतका खजील झालो की त्यांना बसा म्हणायचं विसरलो. बायकोनं त्यांना बसवलं, चहा दिला. मी कार्डं दाखवली. नर्सबाईंनी ती तापाचा तक्ता वाचावा तशी वाचली.

"तिला भिंत नाही, ओरखडायला काहीतरी हवंय," त्या म्हणाल्या. "एका फळीवर काथ्याची दोरी गुंडाळा आणि नेमकी त्याच जागी ठोका. तिथेच जाऊ दे तिला. भिंत वाचेल, माझी झोपही."

बायको कपात बघत म्हणाली, "करून बघा."

शुक्रवारी सुतार आला. त्यानं फळी सुरेख केली. कडा घासल्या, दोरी इतकी घट्ट आणि सरळ गुंडाळली की मला ती पुस्तकाच्या कण्यासारखी दिसली. सूची शेजारी बसून सगळं बघत होती. "मालकीणबाईंना पसंत आहे," सुतार म्हणाला आणि त्यानं पहिला खिळा ठोकला. दुसऱ्या खिळ्याला हातोडी उचलली तोच सेक्रेटरी आले.

"ही भिंत सामायिक आहे," ते म्हणाले. "सामायिक भिंतीत खिळा ठोकायला परवानगी लागते."

"एक ठोकलाय," सुतार म्हणाला.

"तो मी पाहिलेला नाही. दुसरा पाहिला असता."

सुतारानं फळी भिंतीला टेकवून ठेवली, हातोडी पिशवीत घातली आणि परवानगी आली की बोलवा म्हणाला. सेक्रेटरींनी फाइलमधून अर्ज काढला. तीन प्रती. चौथा रकाना, बदलाचं स्वरूप. सहावा, काम करणाऱ्याचं नाव. कोरे रकाने मला आवडतात. अर्ज भरताना मला इतर कशाहीपेक्षा जास्त आत्मविश्वास वाटतो. मी प्रामाणिकपणे लिहिलं, "फळी : सुतार. ओरखडे : मांजर."

दुसऱ्या दिवशी अर्ज परत आला.

"मांजराची नोंद कुठे आहे?" सेक्रेटरी म्हणाले. "इमारतीच्या वहीत तुमच्या घरात दोन माणसं आहेत. तिसरं कुणी नाही."

"ती माणूस नाही."

"म्हणूनच नोंद लागते. माणसं येऊन-जाऊन असतात. आधी पशुवैद्याचा दाखला आणा, मग मांजराची नोंद होईल, मग अर्ज विचारात घेऊ."

मला यात काही अन्याय दिसला नाही. उलट क्रम मला पटला. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे ही जाणार की राहणार हे ठरायच्या आत तिची नोंद होणार." मी म्हणालो, "हो." ती म्हणाली, "छान." तिच्या "छान"मध्ये आणि माझ्या "बरं"मध्ये फरक आहे, पण तो समजावून सांगता येत नाही.

सोमवारी सूचीला झाकणाच्या टोपलीत घालून मी पशुवैद्याकडे गेलो. रिक्षात ती इतकी ओरडली की रिक्षावाल्यानं मागे वळून विचारलं, "बरं नाहीये का तुम्हाला?" दवाखान्यात माझ्या शेजारी एक प्रचंड कुत्रा बसला होता. तो टोपलीकडे नव्हे, माझ्याकडे बघत होता. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "पेशंटचं नाव?"

मी घाबरलो की माझं नाव सांगतो. ते सांगितलं. तिनं लिहून घेतलं.

"आणि मालक?"

चूक माझ्या लक्षात आली होती. पण तिनं शाईनं लिहिलं होतं, मागे रांग होती, आणि शाईनं केलेली नोंद खोडायला लावणं म्हणजे काय, हे मला माहीत आहे. मी हळूच म्हणालो, "सूची."

डॉक्टरांनी सूचीला टेबलावर घेतलं. ती एकदम गरीब झाली. नखं कापताना तिनं हूं की चूं केलं नाही. मलाच घेरी आल्यासारखं झालं आणि मला पाणी द्यावं लागलं. पाणी पीत मी त्यांना सगळं सांगितलं. उंची, वेळ, सालींचा प्रयोग.

"कारण असल्याशिवाय प्राणी काही करत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "तिनं ओरखडल्यावर काय होतं?"

"मी कार्ड लिहितो."

"आणि ती?"

"बघत बसते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "किती दिवस चाललंय हे?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी कुणाबद्दल विचारला, ते मी विचारलं नाही.

दाखला छापून आला. त्यात असं होतं की रुग्ण, म्हणजे मी, प्रकृतीनं उत्तम असून मला सर्व लसी दिलेल्या आहेत आणि माझ्यापासून इमारतीतील रहिवाशांना धोका नाही. मालक, सूची. खाली गोल शिक्का. मी तो सेक्रेटरींकडे नेला. त्यांनी शिक्का बघितला, तारीख बघितली आणि वहीत नोंद केली. शिक्का असला की मजकुराकडे बघायचं नसतं, हे आम्हा दोघांनाही इतक्या वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं.

या धांदलीत एक गोष्ट मला अस्वस्थ करत होती. ओरखडे वाढत होते. पहिल्या आठवड्यात चौदा कार्डं झाली होती. दुसऱ्या आठवड्याच्या बुधवारीच बत्तिसावं कार्ड लिहिलं. नखं कापली तरी खर्र आवाज येत होता, रेघा फक्त जाड आणि बुटक्या झाल्या. प्रत्येक उपायानंतर रोग वाढत होता. माझ्याच हातून काहीतरी चुकतंय असं मला वाटत होतं, पण तसं मला एरवीही वाटतं, त्यामुळे त्या वाटण्याला पुरावा म्हणून काही किंमत नव्हती.

टेकवून ठेवलेल्या फळीकडे सूची ढुंकूनही बघेना. मला वाटलं, तिला फळीचा उपयोगच कळला नसेल. कुणीतरी दाखवायला हवं. गुरुवारी दुपारी मी गुडघ्यांवर बसलो, दोन्ही हात वर केले, बोटं वाकडी केली आणि दोरीवर नखं ओढली. "हे असं," मी म्हणालो. सूची टेबलाखालून लक्ष देऊन बघत होती. मला उत्साह आला. मी पाठ थोडी ताणली, मांजरं ताणतात तशी, आणि पुन्हा ओढली. बायकोच्या सुया थांबल्या होत्या.

"परवानगी मिळाली," दारातून आवाज आला. सेक्रेटरी अर्जाची शिक्का मारलेली प्रत हातात धरून उभे होते. "पण तुम्ही काम सुरू केलेलं दिसतंय."

मी गुडघ्यांवरून लगेच उठू शकत नाही. त्याला टेबलाचा आधार लागतो. तो मिळेपर्यंतचा काळ मी या जन्मात पुन्हा मागणार नाही.

शुक्रवारी सुतारानं दुसरा खिळा ठोकला. सूचीनं फळीच्या उजवीकडे, दोन बोटांवर, ओरखडलं. कार्ड क्रमांक पंचेचाळीस.

शनिवारी दुपारी मी आतल्या खोलीत सगळी कार्डं पलंगावर मांडली. दुसऱ्या दिवशी मेहुणा येणार होता. काहीतरी हाती लागायलाच हवं होतं. वेळेनुसार लावली, उंचीनुसार लावली, रेघांनुसार लावली. शेवटी, करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून, शेऱ्यांनुसार लावायला घेतली. तेव्हा कळलं की ती लावताच येत नाहीत. पंचेचाळीस कार्डांवर शेरा एकच होता, माझ्याच बारीक अक्षरात : "मी बाहेर आल्यावर थांबली."

मी ते वाक्य पंचेचाळीस वेळा लिहिलं होतं आणि एकदाही वाचलं नव्हतं.

मग दुसरी गोष्ट सुचली, आणि ती माझ्या व्यवसायाला जास्त लागणारी होती. जेवताना, त्या भिंतीला जवळजवळ पाठ लावून मी बसतो, तेव्हा तिनं कधी ओरखडलं होतं का? नव्हतं. सकाळी तिथेच चहा पिताना? नव्हतं. याचं कार्ड कुठे होतं? कुठेच नव्हतं. जे पुस्तक ग्रंथालयात नाही त्याचं कार्ड कुणी लिहीत नाही. चौतीस वर्षं मी असलेल्या गोष्टींच्या नोंदी केल्या. नसलेल्यांचा एक खण ठेवायचं माझ्या कधी मनातच आलं नाही.

अनुमान पटलं तरी पडताळा हवा. मी खुर्चीत बसलो आणि ठरवलं की आता काही झालं तरी उठायचं नाही. सव्वादोनला खर्र आवाज आला. मी खुर्चीचे हात धरले. पुन्हा आला, जास्त मोठा. मी पाय खुर्चीवर घेतले. तिसऱ्यांदा आला तो लांबलचक, भिंतीवर वरून खालपर्यंत, आणि त्यानंतर एक बारीक आवाज, जो मांजराचा होता पण प्रश्नासारखा होता.

"अहो," बायको बाहेरून म्हणाली, "तुमची वाट बघतेय ती."

मी बाहेर गेलो. भिंतीवर नवा ओरखडा होता, आजवरचा सर्वांत मोठा. सूचीनं मला पाहिलं, भिंत सोडली, टेबलाखाली जाऊन माझ्या नेहमीच्या खुर्चीसमोर बसली आणि माझा डावा पाय जिथे असायला हवा त्या जागेकडे बघू लागली.

मी बसलो. पाय तिथे ठेवला. ती त्यावर बसली. पशुवैद्याच्या दाखल्यात एकही चूक नव्हती, असं मला वाटून गेलं.

"तुला कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"तिसऱ्या दिवसापासून," बायको म्हणाली. ती विणतच होती.

"मग सांगितलं का नाहीस?"

तिनं ओळ पूर्ण केली, सुई बदलली. "सांगितलं असतं तर तुम्ही बाहेर यायचे थांबला असतात," ती म्हणाली. "दिवसातून पाच-पाच वेळा येत होतात. परवा तर सात."

 मी भिंतीकडे पाहिलं. खिडकीतून तिरपं ऊन आलं होतं आणि त्या उन्हात तो रंग फिकट पिवळा नव्हता. वाचून वाचून मऊ झालेल्या कागदाच्या कडेला जो रंग असतो, तो होता. बायकोनं तो पाचशे चौकोनांतून शोधून काढला होता आणि मी मानसुद्धा वर केली नव्हती.

"रंग फार चांगला निवडलास," मी म्हणालो.

"दुसराही चांगला होता," ती म्हणाली.

संध्याकाळी मी आतल्या खोलीतली वाचायची खुर्ची ओढत बाहेर आणली. ती जड आहे. दाराच्या उंबऱ्यावर मी तीनदा थांबलो, पण कुणाची मदत घेतली नाही, मुख्यतः मागायचं धाडस झालं नाही म्हणून. खुर्ची टेबलाशेजारी, भिंतीला लागून ठेवली. पण नवीन ओरखडा तिच्या पाठीच्या एका बाजूला राहिला. तो झाकला गेला नाही, आणि तो झाला होता मुदतीच्या आत. मी सेहेचाळिसावं कार्ड लिहिलं, कारण नोंद ती नोंद. रात्री बायको भावासाठी चादरी काढत होती. ती काय ठरवून बसली आहे, मला कळत नव्हतं, आणि विचारण्यासाठी मी एक वाक्य तयार केलं होतं, पण ते म्हणायच्या ऐवजी मी चादरी मोजल्या.

रविवारी दहा वाजता मेहुणा आला. हातात झाकणाची टोपली होती, आमच्यापेक्षा मोठी. बूट काढायच्या आधीच तो म्हणाला, "कुठे आहे आमची नवीन नोकरदार?"

सूची माझ्या पायावर होती. मी पाय हलवला नाही. मेहुणा भिंतीजवळ आला. बायकोनं फोनवर त्याला सगळं सांगितलं असणार, कारण त्यानं फळी बघितली, जुने ओरखडे बघितले आणि मग बरोबर त्या एका जागी बोट ठेवलं.

"ताई, हा ताजा आहे. म्हणजे ठरल्याप्रमाणे—"

"ती जाणार नाही," असं कुणीतरी म्हणालं. आवाज इतका बारीक होता की मला क्षणभर कळलं नाही तो माझा आहे.

"भावोजी, काही म्हणालात?"

पहिल्यांदा म्हणताना जे धैर्य होतं ते सगळं संपलं होतं. मी बायकोकडे पाहिलं. ती ओढणीला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"तो होय?" ती भिंतीकडे बघून म्हणाली. "तो मांजराचा नाही. ह्यांनी काल खुर्ची ओढून आणली ना, तिचा आहे."

"खुर्चीच्या चार रेघा?"

"खुर्चीला चार पाय असतात."

मेहुण्यानं खुर्चीचे पाय बघितले, भिंतीवरची उंची बघितली, आणि बहिणीचा चेहरा बघितला. लहानपणापासूनची ओळख असणार, त्यानं पुढे विचारलं नाही. पण माझ्या खिशात सेहेचाळिसावं कार्ड होतं आणि खोटी नोंद माझ्यासमोर होत होती. चौतीस वर्षांच्या सवयीनं मी तोंड उघडलं.

"तुम्ही जरा पुस्तक वाचा," बायको म्हणाली.

चाळीस वर्षांत तिनं मला हे पहिल्यांदा सांगितलं. मी वाचू लागलो. पुस्तक उलटं होतं, हे मला दुसऱ्या पानावर लक्षात आलं.

मेहुण्याची टोपली रिकामी गेली नाही. नर्सबाईंनी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या रुग्णालयाच्या आवारातला एक गलेलठ्ठ बोका मिळवून दिला. तो म्हणे गोदामात दिवसभर झोपतो, पण उंदरांना ते अजून कळलेलं नाही. नर्सबाई दुपारी शांत झोपतात. फळीवर मी माझा चष्म्याचा डबा अडकवतो. सूचीनं त्यानंतर भिंतीला नख लावलेलं नाही. म्हणजे निदान मी तसं म्हणू शकतो, कारण आता नसलेल्या ओरखड्यांसाठी मी एक वेगळा खण केला आहे आणि रोज एक कार्ड त्यात टाकतो.

एकच नोंद पहिल्या खणात करावी लागली. मेहुणा येऊन गेल्यानंतरच्या मंगळवारी मी बाहेरच्या खुर्चीत वाचत होतो. प्रकरण रंगात आलं होतं. अचानक ओळखीचा आवाज आला, खर्र. मी दचकून खाली बघितलं. सूची माझ्या डाव्या पायावर गाढ झोपली होती. पुन्हा आवाज आला. स्वयंपाकघरातून. मी पाय हळूच सोडवून घेतला, मोजपट्टी आणि कोरं कार्ड घेतलं आणि आत गेलो.

बायको ओट्याशी उभी होती. डाव्या हातात चहाचा कप होता. उजव्या हाताची नखं भिंतीवर होती.

"तीन हाका मारल्या," ती म्हणाली.

मी जागेवर नोंद केली. क्रमांक सत्तेचाळीस. उंची चार फूट एक इंच. रेघा चार, फिकट. शेरा : मी आल्यावर थांबली.